हाय-पॉवर एलईडी, बॅटरी आणि ड्रायव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोडशेडिंगचा दिवा, सायकलचा हेडलाइट, मखरातला छुपा प्रकाश, रात्री शेतावर न्यायची टॉर्च. घरी बसून असं काही बनवणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळा विचार १ ते १० वॅटचे एलईडी, बॅटरी आणि दोघांमध्ये बसून करंट सांभाळणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, यांच्यापुरताच आहे. थेट २३० व्होल्टवर चालणारे दिवे यात घेतलेले नाहीत, कारण तिथे चुकीची किंमत एलईडी जळण्यापेक्षा फार मोठी असते.

हाय-पॉवर एलईडी नेमका कशाला म्हणायचं?

ढोबळमानाने, ज्याला हीटसिंक (उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा तुकडा) लागतं त्याला. पॅनेलवरचा ५ मिलिमीटरचा एलईडी २० मिलिअँपिअरवर खूश असतो. १ वॅटचा ३५० मिलिअँपिअर मागतो, ३ वॅटचा म्हणून विकतात तो ७०० च्या आसपास. क्री कंपनीच्या एक्सएम-एलसारखा टॉर्चमधला एलईडी तर ३ अँपिअरपर्यंत जातो. बाजारात हे बहुतेक वेळा २० मिलिमीटरच्या चांदणीसारख्या ॲल्युमिनियमच्या पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) बसवलेले मिळतात, त्याला ‘स्टार’ म्हणतात. वॅटचा आकडा दुकानात मागण्यापुरता ठीक आहे. जुळणी करताना दोनच आकडे लागतात: करंट किती द्यायचा आणि तेवढ्या करंटला एलईडीवर किती व्होल्ट पडतात. पांढऱ्या आणि निळ्याला साधारण ३ ते ३.४ व्होल्ट, लाल आणि पिवळ्याला २ ते २.४.

सेल ३.७ व्होल्टचा, एलईडी ३.२ व्होल्टचा. फरक अर्ध्या व्होल्टचाच आहे, सरळ जोडला तर काय बिघडतं?

३.७ हा सेलच्या अंगावर छापलेला सरासरी आकडा आहे. पूर्ण चार्ज झालेला लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टवर असतो आणि वापरता वापरता ३ च्या खाली उतरतो. एलईडीला हा चढउतार मानवत नाही. त्याच्यावरचं व्होल्टेज ठरावीक हद्दीपलीकडे गेलं की करंट सरळ रेषेत वाढत नाही, उसळतो. ३.२ व्होल्टला ३५० मिलिअँपिअर घेणारा एलईडी आणखी ०.२ व्होल्ट मिळताच जवळजवळ दुप्पट करंट ओढू शकतो.

पुढचा भाग जास्त वाईट आहे. एलईडी तापला की त्याच करंटला त्याला कमी व्होल्टेज पुरतं, दर अंशाला साधारण २ ते ४ मिलिव्होल्टनी कमी. तापमान ५० अंशांनी वाढलं तर ०.१ ते ०.२ व्होल्टचा फरक पडतो. बॅटरी मात्र आपलं व्होल्टेज सोडत नाही, म्हणून करंट वाढतो, त्यातून आणखी उष्णता होते, त्यातून आणखी करंट. टेबलावर दोन मिनिटं छान चाललेला दिवा डब्यात बंद केल्यावर अर्ध्या तासात निळसर पडून मरतो, त्याचं कारण हेच.

“माझा तर सरळ जोडूनही वर्षभर चालतोय” असं सांगणारे भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. स्वस्त सेलचा अंतर्गत रोध, बारीक वायर, होल्डरची गंजकी स्प्रिंग, स्विचचा खराब संपर्क या सगळ्यांनी मिळून तिथे नकळत रेझिस्टरचं काम केलेलं असतं. चांगला सेल आणि जाड वायर घातली की ते संरक्षण गेलं.

मग सुरुवात कुठून करायची? आधी बॅटरी घेऊ की ड्रायव्हर?

यातलं कोणतंच नाही. आधी उजेड किती हवा ते ठरवा, त्यावरून एलईडी किती आणि करंट किती ते ठरेल. मग ते एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, लावल्यावर एकूण व्होल्टेज किती होतं ते काढा. त्याच्या जवळपासची, शक्यतो जराशी वरची बॅटरी निवडा. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

बहुतेक जण उलट जातात. घरात पडलेली बॅटरी घेतात, ऑनलाइन दिसलेलं मॉड्यूल मागवतात आणि मग त्यावर एलईडी बसवायला बघतात. पत्रिका एलईडी आणि बॅटरीची जुळायला हवी, ड्रायव्हर हा मध्यस्थ आहे. दोन्ही व्होल्टेजमध्ये अंतर जितकं कमी, तितका मध्यस्थ साधा, स्वस्त आणि थंड राहतो. एक एलईडी असेल तर एक लिथियम-आयन सेल, दोन असतील तर तीन सेल, तीन असतील तर १२ व्होल्टची बॅटरी. या तीन जोड्या लक्षात ठेवल्या तरी हौशी कामातल्या बहुतेक गरजा भागतात.

रेझिस्टर लावून भागत नाही का?

अनेकदा भागतं, आणि त्याला उगाच नावं ठेवली जातात. सूत्र सोपं आहे: बॅटरीच्या व्होल्टेजमधून एलईडीचं वजा करा आणि अँपिअरमधल्या करंटने भागा. ५ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर १ वॅटचा एलईडी असेल तर १.८ भागिले ०.३५, म्हणजे ५.१ ओहम. बाजारात ५.६ ओहम सहज मिळतो, करंट ३२० मिलिअँपिअर होईल. रेझिस्टरमध्ये ०.५८ वॅट जळतात, म्हणून पाव वॅटचा नेहमीचा रेझिस्टर चालणार नाही. १ वॅटचा घ्या, २ वॅटचा असेल तर उत्तम.

लिथियम-आयन सेलवर हाच हिशोब भरलेल्या सेलच्या ४.२ व्होल्टवर करावा लागतो. २.७ ओहम लावला तर सुरुवातीला ३७० मिलिअँपिअर मिळतात. सेल ३.७ वर आला की २४० च्या आसपास, ३.४ वर त्याहूनही बरेच कमी. म्हणजे दिवा हळूहळू मंद होत जातो. सायकलच्या हेडलाइटला हे परवडत नाही. लाइट गेल्यावर ओट्यावर ठेवायच्या दिव्याला मात्र हाच गुण आहे: बॅटरी संपत आल्याचं डोळ्यांना दिसतं आणि शेवटचा मिणमिणता तास पदरात पडतो.

जिथे बॅटरी आणि एलईडी यांच्या व्होल्टेजमध्ये मोठं अंतर आहे तिथे रेझिस्टर नको. १२ व्होल्टवर एकच एलईडी रेझिस्टरने चालवला तर जवळजवळ तीन-चतुर्थांश बॅटरी रेझिस्टर गरम करण्यात जाते.

एका १८६५० सेलवर (टॉर्चमध्ये असतो तो नळकांड्यासारखा लिथियम-आयन सेल) एक पांढरा एलईडी. यासाठी सगळ्यात चांगला ड्रायव्हर कोणता?

माझं मत ठाम आहे: एएमसी ७१३५. शेंगदाण्याएवढी तीन पायांची चिप, २.७ ते ६ व्होल्टवर चालते आणि करंट ३५० मिलिअँपिअरवर बांधून ठेवते. कॉइल नाही, कपॅसिटरही जवळपास नाही. एलईडीचा प्लस थेट सेलच्या प्लसला आणि चिप मायनसच्या बाजूला. ७०० मिलिअँपिअर हवे तर दोन चिप समांतर लावा, १४०० हवे तर चार. तयार टॉर्चच्या गोल ड्रायव्हर बोर्डावर अशाच चिपांची रांग दिसते.

“पण ही लिनिअर आहे, जास्तीचं व्होल्टेज जाळते, वेगाने चालू-बंद होऊन व्होल्टेज बदलणारा स्विचिंग ड्रायव्हर जास्त कार्यक्षम नाही का?” हा हमखास येणारा उपप्रश्न. हिशोब करून बघा. सेल ३.७ वर, एलईडी ३.१ वर: ३.१ भागिले ३.७, म्हणजे ८४ टक्के. सेल ३.५ वर आला की ८९ टक्के. एका सेलवर चालणारं छोटं बक-बूस्ट (व्होल्टेज कमी-जास्त करणारं स्विचिंग) मॉड्यूलही साधारण याच घरात असतं, वर किंमत जास्त आणि मोडण्यासारखे भाग जास्त. जुळणी आधी साधली की अशी स्वस्त चिपही महागाच्या तोडीस तोड ठरते.

तिच्या मर्यादाही सांगतो. सेल साधारण ३.३ च्या खाली गेला की चिपकडे खेळायला व्होल्टेज उरत नाही. नियंत्रण सुटतं आणि दिवा मंद होत जातो. (त्याने बिघडत काही नाही.) सेल उलटा घातला तर मात्र चिप जाते. आणि दोन सेल सिरीजमध्ये, म्हणजे ८.४ व्होल्ट, तिच्यावर कधीच देऊ नका.

घरात एलएम ३१७ हा रेग्युलेटर आयसी पडून आहे. तो वापरू का?

वापरा, पण दोन सेल किंवा त्याहून मोठ्या बॅटरीवर. आउटपुट आणि ॲडजस्ट या पायांमध्ये रेझिस्टर लावला की तो करंट बांधून देतो. १.२५ ला हव्या असलेल्या करंटने भागा. ३५० मिलिअँपिअरसाठी ३.६ ओहम, १ वॅटचा. अडचण अशी की त्याला स्वतःलाच तीनेक व्होल्ट लागतात: सव्वा व्होल्ट रेझिस्टरवर आणि दोनाच्या आसपास आयसीवर. एका सेलवर त्यामुळे तो निरुपयोगी. दोन सेलवर चालतो, पण ७.४ पैकी ३.२ व्होल्टच एलईडीला पोचतात, अर्ध्याहून जास्त ऊर्जा उष्णतेत जाते. शिकायला छान आहे. रोज चार्ज करून वापरायच्या दिव्यात मी तो घालणार नाही.

दोन-तीन सेल असतील तर?

तिथे बक (व्होल्टेज उतरवणारा) ड्रायव्हर हवा आणि पीटी ४११५ ही चिप त्यासाठी सहज मिळते. ६ ते ३० व्होल्ट इनपुट, १.२ अँपिअरपर्यंत करंट. करंट एका छोट्या सेन्स रेझिस्टरवर (चिप ज्याच्यावरून करंट ओळखते त्यावर) ठरतो: ०.१ भागिले ओहम. ०.३ ओहमला ३३० मिलिअँपिअर, ०.१५ ला ६७०. मॉड्यूल विकणाऱ्याने ‘३ वॅट’ लिहिलेलं असलं तरी त्यावरचा रेझिस्टर बघून करंट स्वतः काढा.

या मॉड्यूलची एक खोच आहे. त्यातली बरीचशी १२ व्होल्ट एसीच्या छतातल्या स्पॉटलाइटसाठी बनवलेली असतात, म्हणून इनपुटला चार डायोडांचा ब्रिज असतो. बॅटरी कशीही जोडली तरी चालते ही सोय झाली, पण डायोडांवर पाऊण ते दीड व्होल्ट पडतात. १२ व्होल्टला ते जाणवत नाही. दोन सेलच्या पॅकवर मात्र सेल निम्मे रिकामे होतात न होतात तोच चिपला ६ व्होल्ट मिळेनासे होतात आणि दिवा लुकलुकायला लागतो. अशा वेळी ब्रिज वगळून बॅटरी थेट पुढे जोडावी, आणि मग प्लस-मायनसची काळजी आपणच घ्यावी. शिवाय दोन सेलवर एकच एलईडी चालवा. दोन एलईडींना ६.४ व्होल्ट लागतात आणि उतरत्या पॅककडे तेवढे उरत नाहीत.

यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी आहे. तिच्यावर काय चालवू?

१ वॅटचे तीन एलईडी सिरीजमध्ये, ३५० मिलिअँपिअरच्या बक ड्रायव्हरवर. ही जोडी मला फार आवडते. एलईडींचे ९.६ व्होल्ट, बॅटरीचे साडेबारा ते साडेदहा, म्हणजे अंतर थोडंच. बॅटरीतून जेमतेम ३०० मिलिअँपिअर जातात. या बॅटरीची ७ अँपिअर-अवर ही क्षमता २० तासांत रिकामी करण्याच्या हिशोबाने, म्हणजे ०.३५ अँपिअरवर दिलेली असते. तोच करंट ७ अँपिअरवर नेला तर ती तासभरही टिकत नाही. आपण नेमके तिला आवडणाऱ्या गतीने चालतो.

पूर्ण २० तास मात्र काढू नका. शिसे-आम्लाची बॅटरी तळापर्यंत उपसली आणि तशीच ठेवली की सल्फेट धरते आणि पुढच्या पावसाळ्यात उपयोगाची राहत नाही. ११.८ व्होल्टच्या आसपास दिवा बंद करा. दहा-बारा तास मिळतात, एका रात्रीला पुरे. यूपीएसमधून काढलेली जुनी बॅटरी असेल तर यातून निम्मे वजा धरा.

१० वॅटचा चौकोनी सीओबी (एकाच पाटीवर अनेक चिप बसवलेला एलईडी) १२ व्होल्टला सरळ लागतो असं दुकानदार म्हणाला.

लागतो, आणि काही दिवसांत जातो. त्याच्या आत तीन-तीन चिपांच्या तीन ओळी समांतर असतात. ९ ते ११ व्होल्ट, ९०० मिलिअँपिअरच्या आसपास. ‘१२ व्होल्ट’ हे त्याचं नाव आहे, गुण नव्हे. त्याच्यासाठी करंट बांधणारा बक घ्या. दोन स्क्रू असलेलं एक्सएल ४०१५ चं मॉड्यूल चालतं. आधी काहीही न जोडता व्होल्टेजचा स्क्रू फिरवून १२ व्होल्ट लावा. मग आउटपुटवर मल्टिमीटरची १० अँपिअरची रेंज आडवी जोडून करंटचा स्क्रू ०.९ वर आणा. त्यानंतर एलईडी. बॅटरी म्हणून चार लिथियम आयर्न फॉस्फेट सेल सिरीजमध्ये (१२.८ व्होल्ट) उत्तम बसतात. तीन लिथियम-आयन सेल शेवटच्या टप्प्यात कमी पडतात.

बूस्ट (व्होल्टेज चढवणाऱ्या) मॉड्यूलवर व्होल्टेज नीट ९.६ लावलं होतं, तरी एलईडी जोडताक्षणी गेला. असं का?

एमटी ३६०८ सारखी मॉड्यूल व्होल्टेज बांधतात, करंट नाही. म्हणजे वर सांगितलेली सगळी गोष्ट पुन्हा लागू: ०.३ व्होल्ट इकडेतिकडे झाले की करंट कुठल्या कुठे. त्यातला छोटा पोटेन्शिओमीटर इतका नाजूक असतो की पेचकस काढतानाही आकडा हलतो.

करंट बांधणाऱ्या बूस्टमध्ये वेगळा सापळा आहे. एलईडी जोडलेला नसताना तो “करंट वाहत नाही, व्होल्टेज वाढवू या” म्हणून वर वर जात राहतो. आउटपुटचा कपॅसिटर २५-३० व्होल्टला भरतो. मग तुम्ही एलईडी टेकवता आणि तो सगळा साठा एका क्षणात एलईडीतून जातो. म्हणून आधी एलईडी सोल्डर करा आणि मगच बॅटरी जोडा. एलईडी काढायचा असेल तर आधी बॅटरी काढा. एलईडीच्या वायरमध्ये स्विच घालू नका, स्विच बॅटरीच्या बाजूला हवा.

आणखी दोन गोष्टी. बूस्टचं आउटपुट कधीही शॉर्ट करून करंट मोजू नका. बॅटरीपासून आउटपुटपर्यंत कॉइल आणि डायोडमधून वाट सतत उघडी असते, ती अडवायला आत काहीच नसतं. त्याच कारणाने बूस्ट कधी व्होल्टेज कमी करू शकत नाही. १२ व्होल्टवरून ९.६ चे एलईडी चालवायला तो मागवला असेल तर परत करा.

पेन्सिल सेल चालतील का? ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी?

चौकोनी बॅटरी विसरा. आत सहा चिमुकले सेल असतात, क्षमता ५०० मिलिअँपिअर-अवरच्या आसपास, आणि ३५० मिलिअँपिअर मागितले की तिचं व्होल्टेज बसतं.

रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड पेन्सिल सेल मात्र दुर्लक्षित रत्न आहे. तीन सिरीजमध्ये लावले की ३.६ व्होल्ट, जवळजवळ लिथियम-आयन सेलएवढेच, त्यामुळे एएमसी ७१३५ त्यावर मजेत चालते. शाळकरी मुलांच्या हातात द्यायचा दिवा असेल तर मी हेच सुचवेन. शॉर्ट झाले तर तेही चटका देतील, पण लिथियमसारखे पेट घेण्याची भीती फार कमी. अल्कलाइन सेलही चालतात, फक्त त्यांचा अंतर्गत रोध जास्त असल्याने मोठ्या करंटला ते लवकर थकतात.

लिथियम आयर्न फॉस्फेट सेल जास्त सुरक्षित म्हणतात. एक सेल, एक एलईडी?

सुरक्षित आहे, टिकतोही जास्त, पण ३.२ व्होल्टवर सपाट बसतो आणि पांढऱ्या एलईडीलाही तेवढंच हवं असतं. ड्रायव्हरला मध्ये जागाच राहत नाही. कमी करंटला, समजा १५० मिलिअँपिअरला, काम होतं. पूर्ण उजेडासाठी दोन सेल आणि बक घ्या. लाल एलईडीसाठी मात्र हा एक सेल झकास.

ऑनलाइन ९९०० मिलिअँपिअर-अवरचे १८६५० मिळतात. घेऊ का?

नको. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या त्या नळकांड्यात एवढी क्षमता बसत नाही. चांगल्या कंपन्यांचे सेल २५०० ते ३५०० मध्ये असतात. ९९०० लिहिलेल्या सेलमध्ये खरे हजारभर निघाले तरी नशीब. वजन करून बघा: चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, खोटा त्याहून बराच हलका असतो.

जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधले सेल त्यापेक्षा कितीतरी बरे, पण निवडून घ्यावे लागतात. २ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल टाकून द्या, त्याला ‘जिवंत’ करायच्या फंदात पडू नका. चार्ज करून आठवडाभर ठेवा. ज्याचं व्होल्टेज आपोआप उतरतं किंवा जो चार्ज होताना तापतो, तोही बाद. टाकायचे म्हणजे कचऱ्याच्या डब्यात नव्हे, ई-कचरा घेणाऱ्याकडे. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, होल्डर वापरा. आणि वेगवेगळ्या व्होल्टेजचे सेल समांतर जोडू नका. भरलेला सेल रिकाम्यात स्वतःला ओततो, आणि त्या करंटला आवर घालणारं मध्ये काहीच नसतं.

दिवा किती तास चालेल हे कसं काढायचं?

लिनिअर ड्रायव्हर असेल तर करंटने भागा. २६०० मिलिअँपिअर-अवर भागिले ३५०: जवळजवळ साडेसात तास, शेवटचा थोडा मंद. स्विचिंग ड्रायव्हर असेल तर वॅट-अवरचा हिशोब करावा लागतो, कारण तिथे बॅटरीतून निघणारा आणि एलईडीतून जाणारा करंट वेगळा असतो. तोच सेल ९.४ वॅट-अवरचा धरा. बूस्टवर तीन एलईडी म्हणजे ३.४ वॅट, ड्रायव्हर ८५ टक्के कार्यक्षम असेल तर बॅटरीतून ४ वॅट. सव्वादोन तास.

वेळ वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे करंट कमी करणे. एलईडी कमी करंटवर जास्त कार्यक्षम असतो. एक्सएम-एलला ७०० वरून ३००० मिलिअँपिअरवर नेलं, म्हणजे चौपटीहून जास्त करंट दिला, तर उजेड सव्वातीनपटच्या आसपास वाढतो. शिवाय आपल्या डोळ्याला निम्मा उजेड ‘निम्मा’ वाटत नाही. एक एलईडी ७०० वर चालवण्यापेक्षा दोन ३५० वर चालवा: उजेड जास्त, उष्णता विभागलेली.

टीपी ४०५६ चं चार्जिंग बोर्ड लावलं की झालं ना?

सहा पॅडचं, म्हणजे बॅटरी आणि आउटपुट वेगळं असलेलं घ्या. त्यावर डीडब्ल्यू ०१ ही संरक्षण चिप असते. ती सेल २.४ व्होल्टला तोडते. हा आकडा सेल वाचवण्यासाठी शेवटच्या क्षणाचा आहे, रोज तिथपर्यंत जाण्यासाठी नाही. तीन अँपिअरच्या आसपास करंट गेला तरी ती तोडते, त्यामुळे मोठ्या टॉर्चला हे बोर्ड अपुरं.

चार्जिंग करंट कारखान्यातून १ अँपिअर ठेवलेला असतो, तो १.२ किलोओहमच्या रेझिस्टरमुळे. सेल छोटा किंवा जुना असेल तर तिथे २ किलोओहम लावा, ५८० मिलिअँपिअर होईल.

बरेच जण हा दिवा कायम चार्जरला जोडून ठेवतात आणि चालूही करतात. ते टाळा. चार्जिंगचा करंट दहाव्या भागावर आला की चिप थांबते. दिवा सुरू असेल तर करंट तिथवर उतरतच नाही आणि सेल तासन्‌तास ४.२ वर ताणलेला राहतो. दोन-तीन सेल सिरीजमध्ये असतील तर हे बोर्ड चालणारच नाही. तेवढ्या सेलचं बीएमएस (प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं संरक्षण बोर्ड) आणि त्याला जुळणारा चार्जर हवा.

सिरीज की समांतर?

सिरीज. सगळ्यांतून एकच करंट जातो, वाद मिटतो. समांतर लावले तर ज्याचं व्होल्टेज किंचित कमी तो सगळ्यांचा वाटा खातो, तापतो आणि आणखी खातो. समांतर टाळता येत नसेल तर प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर किंवा वेगळी ७१३५ द्या.

हीटसिंक खरंच लागतं? उजेड तर थंड असतो.

उजेड थंड असतो कारण उष्णता पुढे न जाता मागे जाते. स्वस्त पांढऱ्या एलईडीत दिलेल्या ऊर्जेचा जवळजवळ सत्तर टक्के भाग उष्णता होतो. ७०० मिलिअँपिअरवरचा एलईडी २.४ वॅट घेतो, त्यातले पावणेदोन वॅट उष्णतेचे. दर वॅटला २० अंश चढणारं छोटं हीटसिंक लावलं तर ते खोलीपेक्षा ३५ अंशांनी गरम होणार. डिसेंबरात महाबळेश्वरला १५ अंश असताना ते पन्नासवर थांबेल. मे महिन्यात चंद्रपुरात किंवा अकोल्यात ४५ अंशांना तेच ऐंशीवर जाईल, आणि एलईडीची चिप त्याच्याही वीसेक अंश वर. परदेशातल्या व्हिडिओतला हीटसिंकचा आकार जसाच्या तसा उचलू नका.

स्टार आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर हवा. जाड लेप नको, पेस्ट ही ॲल्युमिनियमपेक्षा वाईट वाहक आहे. अर्धा तास चालवून हीटसिंकला बोट लावा. तीन-चार सेकंद ठेवता आलं नाही तर ते साठ अंशांच्या वर आहे. करंट कमी करा किंवा हीटसिंक मोठं करा. प्लास्टिकच्या बंद डब्यात हीटसिंक ठेवणं म्हणजे ते नसल्यातच जमा.

पीडब्ल्यूएम ने (वेगाने चालू-बंद करून) मंद केला तर ड्रायव्हर लागणार नाही, बरोबर?

चूक. पीडब्ल्यूएम सरासरी कमी करतो, प्रत्येक झटक्यातला करंट तेवढाच राहतो. १० टक्क्यांवर चालवलेल्या विनाड्रायव्हर एलईडीतून त्या क्षणापुरते दोन-तीन अँपिअर जाऊ शकतात. आधी करंट बांधा, मग मंद करा. पीटी ४११५ ला त्यासाठी डिम नावाचा पाय आहे. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावरून मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवायचा तर आयआरएलझेड ४४ एन घ्या. त्याच्यासारखंच नाव असलेला आयआरएफझेड ४४ एन ५ व्होल्टला पुरता उघडत नाही.

मल्टिमीटर मध्ये घातला की दिवा मंद होतो. खरा करंट कसा मोजू?

मिलिअँपिअरच्या रेंजमध्ये मीटरच्या आत एखाद-दोन ओहमचा रोध असतो, तोच आडवा येतो. १० अँपिअरचं भोक वापरा. त्याहून चांगलं म्हणजे सर्किटमध्ये ०.१ ओहमचा रेझिस्टर कायमचा ठेवून त्याच्यावरचं व्होल्टेज मोजा: ३५ मिलिव्होल्ट म्हणजे ३५० मिलिअँपिअर. मोजून झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला. तशीच राहिली आणि पुढे सेलचं व्होल्टेज मोजायला गेलात तर तो थेट शॉर्ट.

बाइकवर लावायचा आहे.

इंजिन सुरू असताना तिथे १२ नव्हे, १४.५ व्होल्टपर्यंत असतात आणि वर क्षणिक उसळ्या येतात. ३० व्होल्ट झेपणारा ड्रायव्हर घ्या, बॅटरीजवळ फ्यूज आणि इनपुटला टीव्हीएस डायोड (अशा उसळ्या शोषून घेणारा). समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही असा कोन ठेवा.

आकाशकंदिलात ३ वॅटचा लावू का?

कशाला? कागदाला मऊ, पसरट उजेड शोभतो. १ वॅटचा उबदार पांढरा एलईडी १५० मिलिअँपिअरवर पुरतो, लहानशा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थंड राहतो आणि चारही रात्री एका चांगल्या सेलवर निघतात, रोज तीन-चार तास लावला तरी. पॉवर बँकेवर चालवायचा विचार असेल तर आधी तपासा: करंट फार कमी दिसला की बऱ्याच पॉवर बँका स्वतःहून बंद होतात.

हे भाग मिळतात कुठे?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि आसपास. गावाकडे असाल तर ऑनलाइन. दुकानात जाताना मल्टिमीटर आणि एक चार्ज केलेला सेल २७ ओहमच्या रेझिस्टरसह खिशात ठेवा. एलईडी पेटतो का, प्लस-मायनस कुठे, हे काउंटरवरच कळतं. एकाच कामासाठी लागणारे सगळे एलईडी एकाच पट्टीतून घ्या, नाहीतर एक निळसर आणि एक पिवळट निघतो. सेन्स रेझिस्टर दोन-तीन वेगवेगळ्या ओहमचे घेऊन ठेवा. रुपया-दोन रुपयांच्या त्या भागासाठी पुन्हा खेप घालावी लागते.